खोललंच आहे तर…

सकाळी गाडीला चावी दिली की सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक ढग बाहेर पडायचा, क्षणभर थांबून दिशा ठरवायचा आणि समोरच्या ओट्यावर सामायिकाला बसलेल्या काकांकडे निघायचा. छाणी हे बडोद्याजवळचं, जुन्या जैन वस्तीचं गाव. इथल्या किती घरांतून दीक्षा घेतल्या गेल्या, ते इथली माणसं अभिमानाने सांगतात. अशा गावात भल्या सकाळी शेजाऱ्याच्या सामायिकातल्या अठ्ठेचाळीस मिनिटांच्या समतेची परीक्षा घेणं बरं नव्हे. काका ओट्यावर असताना अवाक्षर बोलले नाहीत. सामायिकात बोलत नाहीत. एकोणपन्नासाव्या मिनिटाला मात्र ते आमच्या फाटकापाशी उभे होते.

"भाई, तमारी गाडी ऑइल खाय छे."

गाडी टर्बोची. चार सिलिंडर, सोळा वॉल, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काडीचाही हात नाही. तिने बिचारीने गाडी चांगलीच बनवली होती. टर्बोची गाडी मी का घेतली, हा प्रश्न दांडिया बाजारातल्या माझ्या नातेवाइकांनी पूर्वीच विचारून झालेला आहे. त्यांच्या मते वाडा विकून छाणीला राहायला जाणारा माणूस काहीही करू शकतो. अजूनही मी तिकडे गेलो की मावशी विचारते, "कधी आलास गावाहून?"

धुराची बातमी सोसायटीत पसरली आणि दुपारपर्यंत बॉनेटभोवती वैद्यकीय मंडळ जमलं. हालोलला 1996 पासून मोटारी बनताहेत. आधी अमेरिकन कंपनीच्या बनायच्या, आता दुसऱ्या कंपनीच्या बनतात. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक सोसायटीत एक तरी माणूस असा निघतो, जो कधी काळी त्या कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आलेला असतो. आमच्याकडच्या गृहस्थाने धुराचा वास घेतला, डोळे मिटले आणि "टर्बो गयो" असं जाहीर केलं. फर्टिलायझरमधून निवृत्त झालेल्या दुसऱ्यांनी पिस्टनच्या रिंगा सांगितल्या. तिसऱ्यांनी गाडी विकून टाका म्हटलं आणि त्याच दमात किती घेणार तेही विचारलं.

शेवटी मिस्त्रींकडे गेलो. छाणी रोडला गॅरेजांना तोटा नाही. गुजरातेतल्या शहरांतली जकात 2007 साली उठली. छाणी जकातनाक्याचं नुसतं नाव उरलं. वसुलीचं काम आता गॅरेजवाले बघतात. आमचे मिस्त्री मात्र सज्जन. त्यांनी इंजिन सुरू केलं, बंद केलं, एक बिडी ओढली, पुन्हा सुरू केलं.

"वॉल सील कडक थई गया छे. बीजुं कंई नथी."

वॉलच्या दांडीला वरच्या टोकाशी रबराची एक टोपी असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती कडक होते, मग रात्रभरात थेंब थेंब ऑइल दांडीवरून खाली सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी जळतं. तोच तो निळा ढग. सील काही शे रुपयांचे. फक्त ते बदलायला इंजिनाचं हेड उतरवावं लागणार होतं.

"उतरवा," मी म्हणालो. तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

हेड उतरलं त्या संध्याकाळी माझा भाचा आला. भाचा मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे, विद्यापीठाच्या त्या इमारतीत, जिला बडोद्याचे जुने लोक अजून कलाभवन म्हणतात. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. फाळक्यांनी पुढे चित्रपट काढला, भाच्याने माझं दिवाळं काढायला घेतलं. टेबलावर उताणं पडलेलं हेड पाहून त्याचे डोळे पाणावले. त्याने हेडवरून हात फिरवला आणि म्हणाला,

"मामा, खोललंच आहे तर स्प्रिंगा पण बदलून घेऊ."

"स्प्रिंगा मोडल्यात का?"

"नाही. पण खोललंच आहे ना."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. हेड उघडून बसलेल्या मिस्त्रीने अशा वेळी नकारार्थी मान हलवल्याची नोंद भारतात कुठेही नाही.

मग भाच्याने मला वॉलचं तत्त्वज्ञान समजावलं. कॅम वॉलला ढकलून उघडतो. मिटवणं हे स्प्रिंगचं काम. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर प्रत्येक वॉल सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि 50 वेळा मिटतो. सोळा वॉल मिळून सेकंदाला 800. उभा जन्म बँकेच्या खिडकीत काढलेल्या माणसाचा हे ऐकून ऊर भरून आला. आमची खिडकी सेकंदाला 50 वेळा उघडली असती तर युनियनने देश बंद पाडला असता.

"आता फेरे आणखी वाढले, तर स्प्रिंग मागे पडते," भाचा म्हणाला. "मामा, नवरात्रात गरब्याचा ताल वाढला की तुमचं काय होतं?"

"काय होतं?"

"ढोल दोन टाळ्या पुढे गेलेला असतो, तुम्ही अजून मागच्याच टाळीवर. मग मागून येणारी काकू तुमच्यावर आदळते. इंजिनात ढोल म्हणजे कॅम, तुम्ही म्हणजे वॉल, आणि काकू म्हणजे पिस्टन. याला वॉल फ्लोट म्हणतात."

त्या काकू कोण ते मला ठाऊक होतं. विषय गंभीर आहे हे तेव्हा पटलं.

टर्बोच्या गाडीत म्हणे हे दुखणं दुहेरी. साध्या इंजिनात हवा आत ओढली जाते. टर्बो ती दामटून भरतो. एक किलोचा बूस्ट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. इनटेक वॉलच्या थाळीचा व्यास 27 मिलिमीटर धरला, तर एकेका वॉलच्या पाठीवर साडेपाच किलोच्या आसपास जादा जोर. स्प्रिंग मिटू पाहते, हवा उघडू पाहते. बूस्ट वाढवला की ही रस्सीखेच स्प्रिंग हरते. म्हणून जास्त ताकदीच्या स्प्रिंगा, एकीच्या पोटात दुसरी.

"पण आपण बूस्ट कुठे वाढवलाय?"

"वाढवू ना! खोललंच आहे तर."

हे वाक्य गॅरेजात शिरलं आणि मिस्त्रींच्या बिडीच्या धुरासारखं सगळीकडे भरलं. स्प्रिंगा बदलल्या तर त्यांच्यावरची चकती, म्हणजे रिटेनर, जुनी पोलादी कशी चालेल? वजन कमी हवं, म्हणून टायटॅनियमचे रिटेनर. रिटेनर टायटॅनियमचे, तर वॉल जुने कसे शोभतील? एक्झॉस्टचे वॉल इन्कोनेलचे घ्यायचे ठरले. इन्कोनेल हा निकेलचा मिश्रधातू, जेट इंजिनात वापरतात. काही एक्झॉस्ट वॉलांची दांडी पोकळ असते आणि तिच्यात सोडियम भरलेलं असतं. ते 98 अंशाला वितळतं आणि वर-खाली हिंदकळत वॉलच्या डोक्याची उष्णता दांडीकडे नेतं. "आपल्या जुन्या वॉलमध्ये पण असेल," भाचा म्हणाला. शाळेत आमच्या सरांनी सोडियमचा खडा पाण्याच्या परातीत टाकला होता आणि पहिला बाक रिकामा झाला होता. तेव्हापासून मी जुन्या वॉलांच्या डब्यापासून चार हात लांब उभा राहू लागलो. मिस्त्रीही म्हणाले, अशा वॉलला करवत लावायची नाही.

नवे वॉल म्हणजे नवे गाइड. नवे गाइड म्हणजे सीट कटिंग. सीट कापायला लेथवाल्याकडे गेलो, तर त्याने हेडवर पट्टी ठेवून फटीतून उजेड दाखवला. आता आणलंच आहे तर फेसिंगही.

घरी रोज एकच प्रश्न.

"अहो, सीलचं काय झालं?"

"अगं, सील किरकोळ आहेत गं. मूळ प्रश्न वॉल फ्लोटचा आहे."

"तो आपल्याला कधीपासून आहे?"

"अजून झालेला नाही."

बायको यावर काही बोलली नाही. तिने नुसती माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पैशाची चणचण भासू लागली तेव्हा मी एक सूचना केली. भाच्यानेच सांगितलं होतं की 1986 साली रेनोने फॉर्म्युला वनच्या टर्बो इंजिनातल्या स्प्रिंगाच काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी दाबाची हवा भरली. ते इंजिन लोटसच्या गाडीत होतं आणि ती गाडी आयर्टन सेन्ना चालवायचा. मी म्हटलं, "मग आपणही हवाच भरू. नाक्यावर फुकट मिळते." भाच्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, सेन्ना हयात असता तर मी त्याची माफी मागितली असती.

पार्सल परदेशातून आलं. जकात उठली तरी कस्टम ड्यूटी उठलेली नाही, ही माहिती त्या निमित्ताने मिळाली. डबा उघडला तर आत काळ्या फोममध्ये कोरलेल्या सोळा खळ्या, प्रत्येकीत निळसर झाक असलेली एक चकती. बायको मागून डोकावली.

"दागिने?"

"टायटॅनियम."

"म्हणजे सोन्याहून महाग?"

"छे गं."

"मोडीत काय भाव येतो?"

हा प्रश्न मी भाच्याला विचारला नव्हता. विचारायला हवा होता असं नंतर वाटलं, विशेषतः त्यातली एक चकती हरवली तेव्हा.

वॉल बसवण्याची रीत अशी. दांडीवर स्प्रिंग ठेवायची, वर रिटेनर, मग शिकंजाने स्प्रिंग दाबून धरायची आणि दांडीच्या खाचेत दोन अर्धुकली लॉक बसवायची. लॉक तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, सोळा वॉलना बत्तीस. श्वासही हळू घ्यायचा. गॅरेजातला शिकाऊ पोरगा शिकंजा पिळत होता, मिस्त्री ग्रीस लावलेल्या चिमट्याने लॉक बसवत होते, आणि मी बाजूला उभा राहून "सांभाळून" म्हणत होतो. माझ्या तिसऱ्या की चौथ्या "सांभाळून"ला शिकंजा सटकला. टण्णकन आवाज झाला. स्प्रिंग छताच्या पत्र्याला लागून परत आली, लॉक दोन दिशांना गेली, रिटेनर अदृश्य झाला.

"लोहचुंबक लावो!" मिस्त्री ओरडले.

दोरीला बांधलेला लोहचुंबक गॅरेजभर फिरला. तीन नट, एक दहा नंबरचा पाना (जो गेल्या पावसाळ्यापासून हरवलेला होता आणि ज्याच्यावरून एका पोराला काढून टाकलं होतं), कुणाच्या तरी स्कूटरची चावी, दोन्ही लॉक, आणि एक केसाचा आकडा, ज्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. रिटेनर मिळेना. बऱ्याच वेळाने भाच्याच्या लक्षात आलं की टायटॅनियमला लोहचुंबक लागत नाही. तेव्हा सगळे गुडघ्यांवर आले. बँकेतला एक निवृत्त अधिकारी, कलाभवनचा एक भावी अभियंता, छाणी रोडचा एक नामांकित मिस्त्री आणि दोन पोरं. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी आत पाहून नमस्कार केला. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

रिटेनर मिळाला तो सेव-उसळीच्या वाटीत. पोरांनी दुपारी खाऊन बाकावर ठेवलेली, तळाशी लाल तर्री साचलेली. भाच्याने तो पेट्रोलने धुतला आणि म्हणाला, "बघा मामा, डाग नाही. टायटॅनियम गंजत नाही." एवढ्या पैशात निदान बडोद्याच्या तर्रीला पुरून उरणारी वस्तू मिळाली, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

यानंतरचा प्रकार मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. भाच्याने कॅमही बदलला होता. (केव्हा, ते मला बिलावरून कळलं.) नवा कॅम वॉलला जास्त खोल ढकलतो, तेव्हा वॉल आणि पिस्टन यांची गाठ पडणार नाही ना, हे पाहायचं होतं. त्यासाठी लागते माती.

भाच्याने आधी माझ्या आईकडे शाडू मागितली. आईकडे गणपतीसाठी आणलेली थोडी शाडू दरवर्षी उरते. ती म्हणाली, "गणपतीची माती पिस्टनला? तुझ्या मामाला विचार, जानवं लागेल का पट्ट्याच्या जागी." मग शेजारच्या मुलीच्या खेळातली हिरवी मऊ माती आली. मिस्त्रींनी ती लाटून पिस्टनच्या डोक्यावर थापली, वर बोटाने तेल फिरवलं, जुनं गॅस्केट घालून हेड ठेवलं, बोल्ट आवळले. पान्याने क्रँक हाताने फिरवला, सावकाश, दोन पूर्ण फेरे. कुठे अडतंय का, याकडे सगळ्यांचे कान. मिस्त्री "जय अंबे" पुटपुटत होते. मग पुन्हा हेड उतरवलं. हिरव्या मातीत वॉलांचे चार चंद्रकोरी ठसे उठले होते. सुरेख! भाच्याने ब्लेडने ठसा मधोमध कापला आणि व्हर्नियरने उरलेल्या मातीची जाडी मोजली. इनटेकला दोन मिलिमीटर तरी हवी, एक्झॉस्टला अडीच, कारण तो तापून लांबतो. दोन्हीकडे पुरेशी निघाली. मिस्त्रींनी सगळ्यांना चहा सांगितला. ती मुलगी आपली माती परत न्यायला आली तेव्हा मात्र कुणाला तिच्या नजरेला नजर देता येईना.

गाडी जोडली गेली. सुरू झाली. धूर बंद झाला, कारण सील बदलले होते. मी भाच्याला विचारलं, "ताकद किती वाढली?"

"काहीच नाही."

"म्हणजे?"

"मामा, स्प्रिंगने ताकद वाढत नाही. वाढलेली ताकद सोसता येते."

"आणि कॅम?"

"तो वरच्या फेऱ्यांवर कामाला येतो. पण आपला टर्बो लहान आहे, सहा हजाराच्या पुढे त्याला धाप लागते."

"मग ताकद वाढते कशाने?"

"मोठ्या टर्बोने. मग क्लच बदलावा लागेल. क्लच बदलला की ब्रेक…"

मी त्याला तिथेच थांबवलं. एवढा खर्च करून मी अशी गाडी तयार करवून घेतली होती, जी माझ्याकडे नसलेली ताकद अत्यंत समर्थपणे सोसू शकत होती.

सोसायटीत पुन्हा मंडळ जमलं. मी बॉनेट उघडून उभा राहिलो. दिसण्याजोगं काहीच नव्हतं. सगळी करामत झाकणाखाली. मी टायटॅनियम सांगितलं, इन्कोनेल सांगितलं, सेकंदाला 800 सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सगळ्यांच्या वतीने एकाने विचारलं,

"एव्हरेज केटलुं आपे छे?"

एव्हरेज थोडं कमी झालं होतं. ते ऐकल्यावर मंडळाचा माझ्यातला रस संपला. एकट्या समोरच्या काकांना आनंद झाला होता. "हवे धुमाडो नथी," ते म्हणाले. मग जरा थांबून, "केटला थया?" मी आकडा सांगितला. काका अपरिग्रहाचं व्रत पाळणारे. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

विम्याच्या एजंटाला वेगळीच काळजी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्याला तोंडपाठ होतं. कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या गोष्टींत परस्पर बदल करायचा नाही. "काय काय बदललंत?" त्याने विचारलं. बायको आतून म्हणाली, "सील." एजंट "मग हरकत नाही" म्हणून चहा पिऊन गेला. नियम काढून बघण्याची मला अजून हिंमत झालेली नाही.

राहता राहिली चाचणी. छाणीपासून अहमदाबादचा एक्स्प्रेसवे जवळ. त्र्याण्णव किलोमीटरचा, नाव महात्मा गांधींचं, आणि फलकावर वेग 100. भाचा चालवणार, मी शेजारी, बायको मागे थेपले आणि लीलो चिवडो घेऊन. चाचणी असली तरी उपाशी कशाला राहायचं? मूळ इंजिन साडेसहा हजार फेऱ्यांवर आपोआप रोखलं जायचं. भाच्याने मित्राकडून ती मर्यादा साडेसात हजारांपर्यंत वाढवून घेतली होती. खोललंच आहे तर. टोलनाका ओलांडल्यावर त्याने पहिल्या गिअरमध्ये पाय दाबला. काटा वर वर चढला, इंजिन किंचाळलं, सोळा वॉल सेकंदाला हजार वेळा मिटले आणि सगळे वेळेवर मिटले. आमचा वेग त्या क्षणी ताशी साठच्या आत होता. डावीकडून एक दूधवाला टेम्पो आम्हाला ओलांडून गेला. टेम्पोवाल्याने वळून पाहिलं, त्याला वाटलं गाडी बिघडली आहे, आणि त्याने हाताने बाजूला घेण्याची खूण केली.

"अहो, हा आवाज कसला?" मागून प्रश्न.

"वॉल फ्लोट होत नाहीये त्याचा," मी म्हणालो.

मग भाच्याने एकामागून एक गिअर टाकले आणि वरच्या गिअरमध्ये शंभरवर गाडी लावली. इंजिन शांत झालं. मागे बायकोला झोप लागली. मी काट्याकडे पाहिलं. शंभरच्या वेगाला हे इंजिन पूर्वी अडीच हजार फेरे घ्यायचं. आताही अडीच हजारच घेतं.